तुरुंगाच्या दाराशी

मुरबे गावाचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात एका तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. गोविंद गणेश ठाकूर, काशिनाथ हरि पागधरे, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, सुकुर गोविंद मोरे आणि रामचंद्र महादेव चुरी ही ती पाच नावे. त्यांतील पागधरे खाडीपलीकडच्या सातपाटीचे आणि चुरी या मुरबे गावचे. पालघरच्या पाचबत्ती चौकातून जाणाऱ्याला आजही या पाचांची आठवण होते. हुतात्म्यांना गाव विसरत नाही, आणि विसरूही नये.

पण बेचाळीसच्या चळवळीत जितके पडले त्यांच्या कितीतरी पट अधिक लोक पकडले गेले. देशभर हजारो घरांतून माणसे उठून गेली. ती कोठे ठेवली आहेत, किती दिवसांसाठी, त्यांना भेटता येईल की नाही, हे घरच्यांना कोणी सांगितले नाही. हुतात्म्याच्या घराला निदान आपल्या दुःखाचा आकार ठाऊक असतो. बंदिवानाच्या घराला तोही ठाऊक नसतो. बंदिवानांनी तुरुंगात काय भोगले यावर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. तुरुंगातील आठवणी हा आपल्या साहित्याचा एक स्वतंत्र दालनाएवढा भाग आहे. परंतु भिंतीच्या बाहेर जी आई, जी बायको, जो भाऊ हातात गाठोडे घेऊन उभा राहिला, त्याचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. तो आज थोडक्यात मांडावा असा आमचा विचार आहे.

विषय निवडण्याचे दुसरेही कारण आहे. समुद्रावर पोट असलेल्या गावाला वाट पाहणे नवे नाही. वारा फिरला आणि नाव वेळेवर आली नाही, तर घर किनाऱ्यावर येऊन उभे राहते. तुरुंगाच्या दाराशी उभे राहणारे घर याच जातीचे आहे. फरक एवढाच की समुद्राला प्रश्न विचारता येत नाहीत. सरकारला विचारता येतात, आणि विचारले पाहिजेत.

आरंभी एका शब्दाकडे पाहू. आज ‘मुलाखत’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नोकरीचा उमेदवार येतो, किंवा वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीसमोर बसलेला एखादा पुढारी येतो. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘भेट’ असा आहे. आपल्या रोजच्या भाषेत तो अर्थ मागे पडला. तुरुंगाच्या कारभारात मात्र तो तसाच जिवंत राहिला. तेथे मुलाखत म्हणजे कैद्याची आणि त्याच्या माणसाची भेट. या भेटीला तीन गोष्टी लागतात. माणूस कोठे आहे ते कळावे लागते, त्याच्याशी बोलता यावे लागते, आणि हे सारे वेळेवर व्हावे लागते. ठिकाण, भाषा आणि वेळ. या तिहींपैकी एक जरी राज्यकर्त्याने काढून घेतली तरी भेट संपते. भिंत उंच करण्याचीही गरज पडत नाही. पुढे येणारी सारी उदाहरणे या तीन गोष्टींच्या कसोटीवर पाहावीत, अशी विनंती आहे.

पालघर तालुका २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे या भागातील लोकांच्या दृष्टीने ‘जिल्ह्याचा तुरुंग’ म्हणजे ठाण्याचा. हा तुरुंग मुळात एक किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला, १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी जिंकला. शत्रूला आत येऊ न देण्यासाठी ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्याच पुढे आतल्याला बाहेर जाऊ न देण्याच्या कामी आल्या.

या किल्ल्यात १८१५ साली एक बडा कैदी आला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा त्या वर्षी पंढरपुरास खून झाला आणि त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. रेसिडेंट एलफिन्स्टन याने पेशव्यांवर दडपण आणून त्याला आपल्या ताब्यात घेतले आणि ठाण्यास ठेवले. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला, कारण देशी शिपाई फितूर होतील अशी भीती होती. त्रिंबकजीला आपल्या माणसांची भेट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मग काय घडले? किल्ल्यातील एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरी एक मराठा मोतद्दार राहिला. घोडा न्हाऊ घालताना, खरारा करताना तो कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणत असे. गोऱ्या शिपायांच्या कानी ते नुसते देशी गाणे पडत होते. आत बसलेल्या माणसाला मात्र त्यातून बाहेरची सारी व्यवस्था कळत होती. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी भिंतीबाहेर पडला. पुढे १८१८ साली तो पुन्हा पकडला गेला आणि दूर गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याला नेऊन ठेवले. बिशप हेबर यांनी १८२४ च्या सुमारास केलेल्या प्रवासाच्या वृत्तांतात गाण्याची ही हकिकत नोंदवली आहे.

ही गोष्ट आपण लहानपणी चातुर्याची म्हणून ऐकतो. आम्हांला तिच्यात दुसरेही काही दिसते. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हती, हा या कथेचा गाभा आहे. ज्याच्यावर पहारा करायचा त्याची भाषाच ठाऊक नसेल, तर राज्यकर्त्यापुढे दोन वाटा उरतात. एक तर ती भाषा शिकावी, नाही तर ती बोलूच देऊ नये. या दुसऱ्या वाटेचे एक उदाहरण दोनशे वर्षांनंतरचे आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

इंग्रजी राज्य स्थिर झाले तशी तुरुंगाची व्यवस्था कायद्याने बांधली गेली. १८९४ चा तुरुंगांचा कायदा हा त्यातील मोठा टप्पा. ज्यांचा खटला अजून चालू आहे, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो, त्यांना योग्य वेळी आणि योग्य निर्बंधांखाली आपल्या माणसांना भेटू देण्याची तरतूद करावी, असे त्या कायद्याच्या चाळिसाव्या कलमात स्पष्ट सांगितले आहे. कागदावर ही गोष्ट चांगली होती. परंतु ‘योग्य वेळ’ कोणती आणि ‘योग्य निर्बंध’ कोणते, हे ठरवणार तुरुंगाचा अधिकारी. त्यातच राजकीय कैद्याला शेकडो कोस दूर नेऊन ठेवले की कायदा न मोडताही भेट अशक्य करता येते, हे सरकारला लवकरच उमगले.

लोकमान्यांचे उदाहरण घ्या. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. लोकांना पत्ता लागू न देता त्याच रात्री त्यांना खास गाडीने अहमदाबादेकडे, साबरमतीच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथून सप्टेंबरात त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेस झाली. पुणे ते मंडाले म्हणजे आगगाडी, मग समुद्रावरची आगबोट आणि रंगूनहून पुन्हा आगगाडी. त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस हा प्रवास करून त्यांना भेटून आले. ज्या घरात पैसा, ओळख आणि इंग्रजी लिहिणारा माणूस होता, त्या घराला एवढे तरी साधले. पत्नी सत्यभामाबाई पुण्यातच राहिल्या. त्यांना मधुमेहाचा विकार होता. ७ जून १९१२ रोजी त्या वारल्या. लोकमान्यांना ही वार्ता तारेने कळली.

मंडालेत गीतारहस्य लिहिले गेले हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण १९१४ च्या जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सरकारने त्यांना पुण्यात आणून त्यांच्या घरी सोडले, तेव्हा ज्या घरात ते शिरले त्या घरात सत्यभामाबाई नव्हत्या. न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्यांना सहा वर्षे दिली होती. सत्यभामाबाईंना कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली होती?

सावरकरांच्या घरी हेच अधिक दारुण रीतीने घडले. थोरले बंधू बाबाराव यांना १९०९ साली जन्मठेप झाली आणि ते अंदमानास गेले. विनायकरावांना दोन जन्मठेपी, म्हणजे एकूण पन्नास वर्षे. ते १९११ च्या जुलैत तेथे पोहोचले. दोघे भाऊ एकाच तुरुंगात असूनही एकमेकांना भेटणे त्यांना दुर्घट होते. घरी दोन बायका, येसूवहिनी आणि यमुनाबाई. वर्षाकाठी एखादे पत्र आणि मधला सारा काळ अंधार. भेटीसाठी अर्जामागून अर्ज गेले. अखेर १९१९ साली परवानगी आली आणि धाकटे बंधू नारायणराव यमुनाबाईंना घेऊन अंदमानास पोहोचले. येसूवहिनी त्याच्या थोडे आधी, त्याच वर्षी वारल्या होत्या. बाबारावांना भेटावयास आलेल्या माणसांत त्यांची पत्नी नव्हती. परवानगी मिळाली, पण वेळ टळली होती.

ठाण्याच्या त्याच किल्ल्यात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे ऐन अठराव्या वर्षात होता. सरकारने मृतदेह नातेवाइकांच्या स्वाधीन केले नाहीत. येथे भेट नाकारण्याची सीमा झाली. जिवंतपणीच्या भेटीचा हक्क नाकारणारे राज्य अखेरीस मेल्यानंतरच्या दर्शनालाही भिऊ लागते.

कोणी म्हणेल, हे एका काळचे झाले. पुढे चळवळ वाढली, तुरुंग गजबजले आणि सरकार सैलावले. काही अंशी ते खरे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेणारे साने गुरुजी त्याच तुरुंगातले कैदी होते. अशा तुरुंगांतून माणसे शिकून बाहेर आली. पण बेचाळीस उजाडले आणि पुन्हा सारे आवळले गेले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत पुढाऱ्यांना उचलून गाडीत घातले गेले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान महालात नेले आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात बंद झाले. त्यांत पंडित नेहरू होते, सरदार पटेल होते, आचार्य नरेंद्र देव होते आणि आपले शंकरराव देव होते. सुरुवातीला ते कोठे आहेत हेच सरकारने जाहीर केले नाही. घरच्या माणसाने पत्र लिहावे, पण पाकिटावर गावाचे नाव घालता येऊ नये, अशी ती स्थिती होती.

काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना आझाद त्याच किल्ल्यात होते. कलकत्त्यास त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. पतिपत्नींची भेट झाली नाही. सत्यभामाबाई १९१२ साली आणि झुलेखा बेगम १९४३ साली. मध्ये एकतीस वर्षे गेली, दोन महायुद्धे आली, कायदेमंडळे आली, निवडणुका आल्या. परंतु तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या नशिबात फरक पडला नाही. भेटीचा प्रश्न कोणत्या पक्षाचा किंवा धर्माचा नाही, हे सांगण्यास ही दोन नावे पुरेशी आहेत.

स्वातंत्र्य आले. राज्य आपले झाले. मग दार उघडले का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर असे: दार उघडले, पण आपोआप नव्हे. ते कैद्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी न्यायालयात जाऊन उघडवून घेतले.

त्यातील एक खटला मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले. नाव होते ‘अणूच्या अंतरंगात’. त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी आपल्या पत्नीकडे पाठवू द्यावे, अशी त्यांनी परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. पुस्तक अणूविषयी, त्यात राजकारण नाही, तरीही नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. स्थानबद्धतेच्या नियमांत जे बंधन लिहिलेले नाही ते अधिकाऱ्याला मनाने लादता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. चार वर्षांनी, १९६९ च्या ऑक्टोबरात, मुरब्याच्या उत्तरेस तारापूर येथे अणुवीज केंद्र चालू झाले. तारापूरच्या परिसरातील वाचकांनी हा योगायोग ध्यानी ठेवावा. अणूची ओळख मराठीत करून देणारे ते बाड तुरुंगातून घरी जाण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पुढे आणीबाणी आली. १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की स्थानबद्धाला आपली अटक बेकायदा आहे असे सांगत न्यायालयात येण्याचाच मार्ग उरलेला नाही. त्या काळात येरवडा, नाशिक, ठाणे येथील तुरुंगांच्या दारांशी पुन्हा एकदा सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरे उभी राहिली. परकीय राज्यात जे सोसले ते स्वकीय राज्यातही सोसावे लागू शकते, हा धडा त्या एकवीस महिन्यांनी दिला.

धडा फुकट गेला नाही. १३ जानेवारी १९८१ रोजी फ्रान्सिस कोराली मलिन या परदेशी स्थानबद्ध स्त्रीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तिची पाच वर्षांची मुलगी तिला महिन्यातून एकदाच भेटू शकत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याचा हक्क म्हणजे जनावरासारखा नुसता श्वास घेण्याचा हक्क नव्हे. आपल्या कुटुंबीयांना भेटणे हा त्या जगण्याचाच भाग आहे. १८९४ च्या कायद्यात जी ‘तरतूद’ होती, ती येथे हक्क झाली. पुढे १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या खटल्यात आणखी एक पाऊल पडले. माणसाला अटक झाली की ती बातमी आणि त्याला कोठे ठेवले आहे ते ठिकाण त्याच्या माणसाला कळवले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. लोकमान्यांच्या घराला १९०८ साली आणि नेहरूंच्या घराला १९४२ साली जे नाकारले गेले, ते आज चोरीच्या संशयावरून धरलेल्या मजुराच्या घराचेही हक्काचे आहे. इतिहासाने इतकी वाट चालून दाखवली, ही लहान गोष्ट नव्हे.

आता या किनाऱ्याकडे पाहू. देशातील कायदा देशाच्या सीमेपर्यंत पोहोचतो. समुद्रात सीमेची रेघ दिसत नाही. पालघर जिल्ह्यातील, विशेषतः डहाणू-तलासरीकडील कित्येक तरुण पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छच्या टोकाशी सर क्रीक या खाडीचा वाद भारत आणि पाकिस्तान यांच्यात अजून मिटलेला नाही, त्यामुळे तेथे समुद्रातील हद्दही पक्की ठरलेली नाही. बोट पलीकडच्या गस्तीला सापडली की खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. हद्द ओलांडल्याची शिक्षा बहुधा काही महिन्यांचीच असते. पण माणूस खरोखर भारतीय आहे की नाही याची खात्री दिल्ली-इस्लामाबादच्या कागदांतून होईपर्यंत वर्षे निघून जातात. मंडालेस निदान भाचा जाऊ शकला. कराचीस खलाशाची बायको जाऊ शकत नाही.

तिला आपला माणूस जिवंत आहे हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे यादी. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत करार झाला. त्यानुसार दर १ जानेवारीस आणि १ जुलैस एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या जातात. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला कैद्याची भेट मिळावी, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री झाल्यावर एका महिन्यात त्याला परत पाठवावे, असेही त्यात आहे. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानात २१७ मच्छीमार आणि ४९ इतर नागरिक, भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे, कैदेत होते. भारताच्या तुरुंगांत त्या दिवशी ८१ मच्छीमार आणि ३८१ इतर नागरिक पाकिस्तानचे होते. कराचीच्या कोळीवाड्यातही कोणी आई बसलेली आहे, हे दुसरे दोन आकडे आपल्याला सांगतात.

याच १ जानेवारीस दोन्ही देश आणखी एक यादी एकमेकांना देतात. १९८८ च्या करारान्वये एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे ठरले आहे. म्हणून १९९२ पासून दर वर्षी अणुकेंद्रांची यादी दिली जाते. अणुवीज केंद्रेही त्या करारात येतात. म्हणजे नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी दोन याद्या सीमा ओलांडतात. एकीत तारापूरसारखी ठिकाणे आणि दुसरीत या किनाऱ्यावरची माणसे. अणुभट्टीच्या बाबतीत हा नियम युद्धप्रसंगांनंतरही पाळला गेला आहे. माणसांच्या बाबतीत यादी येते, पण माणूस येत नाही. २०२४ साली डहाणू तालुक्यातील एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचे शव गावी पोहोचण्यास सुमारे सहा आठवडे लागले.

वस्तुतः जगाने या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले आहे. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे त्र्याहत्तरावे कलम असे सांगते की किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आर्थिक पट्ट्यातील मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये आणि जामीन घेऊन बोट व माणसे लवकर सोडावीत. भारताने आणि पाकिस्ताननेही या करारास मान्यता दिली आहे. ज्याच्या जाळ्यात मासा गेला त्याला दंड करावा; त्याच्या घराला बंदिवासात टाकू नये, एवढेच त्याचे तात्पर्य.

आणि आता ती दुसरी वाट. सांगलीत जन्मलेले नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने २०१६ च्या मार्चमध्ये अटक केल्याचे जाहीर केले. २०१७ च्या एप्रिलमध्ये तेथील लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड सुनावला. २५ डिसेंबर २०१७ रोजी त्यांची आई आणि पत्नी यांना इस्लामाबादेत भेट देण्यात आली. मध्ये काचेचा पडदा होता आणि बोलणे यंत्रातून. भारत सरकारने दुसऱ्या दिवशी जे निवेदन केले त्यानुसार, सुरक्षेचे कारण दाखवून दोघींना मंगळसूत्र, बांगड्या आणि कुंकवाची टिकली उतरावयास लावली, आणि आईला आपल्या मुलाशी मराठीत बोलू दिले नाही. १७ जुलै २०१९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, भारतीय वकिलातीला त्यांची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निर्णय दिला.

ठाण्याच्या किल्ल्यात १८१६ साली पहारेकऱ्याला मराठी कळत नव्हती म्हणून एक कैदी निसटला. इस्लामाबादेत २०१७ साली पहारेकऱ्याला मराठी कळत नव्हती म्हणून आईचे तोंड बंद झाले. ठिकाण होते, वेळ होती. तिसरी गोष्ट काढून घेतली गेली. आईने मुलाला काय विचारायचे असते? जेवलास का, झोप येते का, अंगात ताप तर नाही. हे प्रश्न परक्या भाषेत विचारता येतात, पण त्यांची उत्तरे खरी मिळत नाहीत. आपल्या मुलाचा आवाज किती खाली गेला आहे हे आईला त्याच्या आपल्या बोलीतल्या ‘बरा आहे’ वरूनच कळते.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. त्रिंबकजीचे उदाहरण आमच्याच विरुद्ध जाते, असे कोणी म्हणेल. भेटीतून कट शिजतात, वस्तू आत जातात, निरोप बाहेर येतात. तुरुंग चालवणाऱ्यावर ही जबाबदारी आहे आणि ती खोटी नाही. पण नीट पाहिले तर त्रिंबकजीला उघड भेट दिलेलीच नव्हती. उघड भेट नाकारली म्हणून चोरटी भेट थांबली नाही. उलट ती पहारेकऱ्याच्या नाकासमोर होत राहिली. ज्याला भाषा येते असा माणूस पहाऱ्यावर बसवावा, झडती घ्यावी, नजर ठेवावी. दार बंद करणे हा त्यावर उपाय नाही. आपल्या तुरुंगांनीही हे हळूहळू ओळखले आहे. महाराष्ट्रातील काही तुरुंगांत ‘गळाभेट’ या नावाने मुलांना जाळीच्या आडोशाविना आईबापांना भेटू देण्याचे उपक्रम झाले. २०२० च्या महामारीत भेटी बंद पडल्या तेव्हा पडद्यावरून बोलण्याची सोय आली. त्यामुळे दूरच्या खेड्यातील माणसाचा एक दिवसाचा रोज वाचू शकतो. अर्थात, पडदा ही भेटीची भर असावी. भेटीची जागा त्याने घेऊ नये.

आणखी एक आक्षेप लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण मनात धरतात. लोकमान्य, सावरकर, आझाद यांची गोष्ट वेगळी. चोर, मारेकरी, दारू विकणारे यांच्या घरच्यांसाठी एवढा कळवळा कशाला? याला पहिले उत्तर आकड्यांचे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतील ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अजून ठरलेलाच नव्हता. दुसरे उत्तर अधिक साधे आहे. गुन्हा सिद्ध झाला तरी तो त्याचा. त्याच्या आईने, बायकोने, शाळेत जाणाऱ्या पोराने काय केले?

आणि येथे सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. बेचाळीस साली ज्या घरचा माणूस तुरुंगात गेला त्या घराला शेजाराने धान्य दिले असेल, सभेत पुढची जागा दिली असेल. आज ज्या घरचा माणूस पकडला जातो त्या घराकडे आळीतील माणसे जाणे टाळतात. बाई एकटीच पहाटेची गाडी धरते. ठाण्याला जायचे की कल्याणला हे तिला ठाऊक नसते. ओळखीचा कोणता कागद लागतो, नोंद कोठे करायची, कोणत्या दिवशी भेट मिळते, हे सांगणारा कोणी नसतो. दारावरून परत आली तर दुसऱ्या दिवशी कामावर का आली नाहीस म्हणून मालक विचारतो, आणि खरे कारण ती सांगू शकत नाही. कायद्याने दिलेला हक्क लाजेपायी बुडतो. ती लाज तिच्यावर कोणत्याही न्यायालयाने लादलेली नाही; आपण लादली आहे.

म्हणून आमचे म्हणणे फार मोठे नाही. गावात वाचनालय आहे, ग्रामपंचायत आहे, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत, वकिली शिकलेली मुले-मुली आहेत. माणूस धरला गेला की चोवीस तासांच्या आत त्याच्या घरी जाऊन ठिकाण शोधून देणे, अर्ज लिहून देणे, पहिल्या भेटीला सोबत जाणे, एवढे काम गावाने आपले मानावे. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाच्या ओळखीच्या कागदांची एक प्रत गावात जपून ठेवावी. पुढे राष्ट्रीयत्व सिद्ध करण्यात जी वर्षे जातात त्यांतील काही महिने तरी त्याने वाचतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही.

पाचबत्ती चौकातील पाच नावांनी आपल्याला राज्य मिळवून दिले. त्या राज्याची परीक्षा सभागृहांत आणि सोहळ्यांत होत नाही. ज्या दिवशी घरातून माणूस नेला जातो आणि त्याची आई गाठोडे घेऊन दाराशी येते, त्या दिवशी ती होते. तिला ठिकाण सांगितले का, तिच्या भाषेत बोलू दिले का, आणि वेळ टळण्यापूर्वी दार उघडले का, एवढे तीन प्रश्न आहेत. ते विचारण्यासाठी ती एकटी जाऊ नये.